हातमोजा घातलेलं हँडल

ती. आत्यास,

भाच्याचा नमस्कार. साष्टांगच घालणार होतो, पण कंबर धरली आहे, आणि एकदा आडवा झालो की उठवायला घरात सध्या कुणी राजी नाही. तेव्हा उभ्याउभ्याच केलेला गोड मानून घे. इकडे सगळे ठीक. तुझी सूनबाई ठीक आहे, म्हणजे माझ्यावर रागावली आहे, पण तब्येतीने ठीक आहे. (रागाचं कारण ओघाने येईलच. नाही आलं तर ती स्वतः फोन करून सांगेल, आणि तिच्या तोंडून ते जास्त लांब होईल.) लेक परीक्षेत गुंतली आहे आणि सध्या जेवायलाही पुस्तक घेऊन बसते. तुझा खुबा कसा आहे असं विचारत नाही, कारण ‘आहे तिथेच आहे’ हे तुझं उत्तर मला पाठ झालं आहे. शेजारच्या काकू दूध आणून देतात ना? चालताना वॉकर वापरतेस ना, की पाहुणे आले की तो अजून पलंगामागे लपवतेस?

फोन हाताशी असताना हा पत्राचा घाट कशाला, असं तू म्हणशील. त्याला कारण तूच. ‘तोंडी काही नको, लिहून आण’ हा तुझ्या वॉर्डातला नियम तू घरातही चालवलास. लहानपणी तुझ्याकडे राहायचो तेव्हा मला गच्चीत झोपायची परवानगीसुद्धा अर्ज केल्यावर मिळायची, आणि त्या अर्जात ‘कारण’ या शब्दापुढे ‘उकडते’ एवढंच लिहिलं म्हणून तू तो परत पाठवला होतास. त्यामुळे आजही महत्त्वाचं काही असलं की मला बोलता येत नाही, लिहावंच लागतं. माझ्या लग्नाचंही तुला आधी पत्रानेच कळलं होतं आणि तू ते शुद्धलेखन तपासून ठेवून दिलंस.

तर महत्त्वाचं असं. येत्या सोमवारी तुझ्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं आहे. ही तारीख तू का घेतलीस ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. आतोबांचं ऑपरेशन साधं हर्नियाचं होतं, झालंही उत्तम, आणि मग जखमेत जंतू शिरले आणि आठवड्याच्या आत ते गेले. तू त्याच हॉस्पिटलात मेट्रन होतीस. त्यानंतर तू नोकरी सोडलीस आणि हॉस्पिटलची पायरी चढली नाहीस. खुबा झिजत गेला, तुझ्यापुरतं घर दोन खोल्यांचं झालं, मग एका खोलीचं झालं, तरी तू हटली नाहीस. मागच्या महिन्यात मी मोठ्या तोऱ्यात तुला सांगितलं की दारांना बसवलेल्या आमच्या खास मुलाम्याच्या हँडलांमुळे इथल्या हाडांच्या वॉर्डात जखमा चिघळण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं आहे. त्यावर तू लगेच म्हणालीस, ‘मग त्याच वॉर्डात घे माझी तारीख.’ हे पत्र त्या हँडलांविषयी आहे. हात जोडून सांगतो, शेवटपर्यंत वाच आणि मगच काय रद्द करायचं ते कर.

आता मुळापासून सांगतो, कारण आमच्या क्षेत्रात मुळापासून सांगितल्याशिवाय कुणी ऐकून घेत नाही (आणि सांगितल्यावरही घेत नाहीत). मी शिकवतो पदार्थ अभियांत्रिकी. म्हणजे कुठल्या वस्तूला काय केलं असता ती कशी वागेल याचा अभ्यास. तांब्यावर जंतू फार काळ तग धरत नाहीत ही माहिती जुनीच. मी तांबं आणि आणखी दोन धातू मिळून एक मुलामा तयार केला, तो पोलादी हँडलावर चढवला, आणि प्रयोगशाळेत त्यावर सोडलेले जंतू पटापट मेले. हे एकदा नव्हे, दरवेळी. मला आतोबा आठवले. आत्या, खरं सांगतो, त्या दिवशी मी प्रयोगशाळेचं दार लावून घेऊन रडलो. वॉर्डाचं दार दिवसभरात किती हात उघडतात, आणि त्यातला एक हात आतोबांच्या जखमेपर्यंत गेला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून कधी गेलाच नव्हता.

पण प्रयोगशाळेतून वॉर्डात जायचं तर निधी हवा, आणि निधी देणाऱ्यांची अट अशी की एकाच खात्याच्या माणसाला तो मिळणार नाही. तीन वेगवेगळ्या विद्याशाखा एकत्र आल्या पाहिजेत. ज्ञानाच्या भिंती पाडायच्या म्हणे. (आमच्या इमारतीतली एक खरी भिंत पावसाने फुगली आहे, ती पाडायला मात्र निधी नाही.) मग जंतुसंसर्ग मोजायला सार्वजनिक आरोग्य विभागातले एक डॉक्टर घेतले. यांचा सगळा जन्म साथी मोजण्यात गेला असल्याने त्यांना आम्ही साथवाले म्हणतो; माणूस सरळ, पण कुणी शिंकलं की आधी तारीख विचारतो. तिसरी विद्याशाखा काही मिळेना, तेव्हा उच्च शिक्षणाचा अभ्यास करणाऱ्या एक प्राध्यापक बाई स्वतःहून आल्या. त्यांचं म्हणणं, तुम्ही दोघं हँडलाचा अभ्यास करा, मी तुमचा करते. वेगवेगळ्या शाखांचे विद्वान एकत्र कसे काम करतात, हा त्यांचा विषय. आम्ही दोघं हसलो. घ्या म्हटलं बाईंना, अटही पुरी होईल आणि चहाला कंपनीही होईल. त्या प्रत्येक बैठकीत कोपऱ्यात बसत, टेबलावर छोटा रेकॉर्डर ठेवत, आणि मी बोलायला लागलो की वहीत काहीतरी खूण करत. मला वाटायचं, मुद्दा पटला म्हणून करतात.

बैठका कशा झाल्या ते सांगत नाही, तुझं रक्त वाढायला हवं, आटायला नको. ‘नमुना’ म्हणजे धातूचा तुकडा की रुग्ण, यावरच एक अख्खी दुपार गेली. साथवाल्यांना दोन वॉर्ड हवे होते, एक नव्या हँडलांचा आणि एक जुन्या. ते बरोबरच होतं. हाडांचा वरचा वॉर्ड नव्यांचा ठरला, त्याच्या बरोबर खालचा जुन्यांचा. दर पंधरवड्याला आम्ही जाऊन हँडलांवर कापसाची काडी फिरवून जंतूंचा नमुना घ्यायचा, आणि चिघळलेल्या जखमांची संख्या केसपेपरवरून घ्यायची. सगळं कसं चोख. मग प्रकरण गेलं नीतिसमितीकडे. तिथल्या मंडळींनी डोळ्यांत तेल घालून अर्ज वाचला आणि एकच अट घातली: वॉर्डात रुग्ण असतात, स्त्रिया असतात, तेव्हा संशोधकांनी अवचित शिरायचं नाही, प्रत्येक भेटीची लेखी सूचना आदल्या दिवशी द्यायची. किती सभ्य अट! मी स्वतः मान डोलावली. आत्या, आमचं तारू फुटलं ते त्या मान डोलावण्यावर, पण तेव्हा कुणालाच कळलं नाही.

निकाल असे आले की आमचे विभागप्रमुख, जे मला जिन्यात भेटले तरी घड्याळाकडे बघतात, ते माझ्या खोलीत येऊन बसले. नव्या हँडलांवर जंतू जवळजवळ नाहीतच. वरच्या वॉर्डात जखमा चिघळण्याचं प्रमाण निम्म्यावर, खालच्या वॉर्डात होतं तेवढंच. प्रमुखांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला सुरुवात केली. माझं प्राध्यापकपद इतकी वर्षं अडून होतं, ते आता सुटल्यात जमा असं म्हणाले. आम्ही शोधनिबंध लिहिला, मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला, त्यांनी तो किरकोळ दुरुस्त्यांवर स्वीकारला. मी नवा कोट शिवायला टाकला. आणि त्याच आठवड्यात तुला फोन केला.

आता तू म्हणालीस, ‘खिडकीजवळची खाट मिळते का ते आधी जाऊन बघ, नुसतं फोनवर विचारू नकोस.’ मी गेलो. खाट बघायला जातोय, संशोधनाला नाही, म्हणून सूचना वगैरे काही दिली नाही. भाचा म्हणून गेलो, इतकंच. दुपारची वेळ होती, भेटीला आलेले नातेवाईक जिन्यावर उभे होते. मी वर पोहोचलो आणि वॉर्डाचं दार सताड उघडं. नुसतं उघडं नव्हे, जखमेला गुंडाळतात त्या पट्टीच्या पदराने भिंतीवरच्या पाइपाला करकचून बांधलेलं. आणि माझं हँडल, ज्याच्या मुलाम्याची जाडी मी केसाच्या कितव्या भागापर्यंत मोजली होती, त्या हँडलाला रबरी हातमोजा घातलेला आणि मनगटाशी दोऱ्याने गाठ मारलेली! हस्तांदोलनाला पुढे आलेला हात असावा तसं ते दिसत होतं. मला क्षणभर वाटलं, आपण मजला चुकलो.

वॉर्डाच्या मुख्य सिस्टर (जाडजूड, हसऱ्या, तुझ्या हाताखाली असत्या तर तू त्यांना पहिल्या आठवड्यात रडवलं असतंस आणि दुसऱ्या आठवड्यात डबा दिला असतास) लगबगीने पुढे आल्या. आधी थोड्या ओशाळल्या, म्हणाल्या, ‘अगोबाई सर, आज तुम्ही? चिठ्ठी नाही आली!’ मी हातमोज्याकडे बोट दाखवलं. तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. म्हणाल्या, ‘काही काळजी करू नका सर. एवढ्या मेहनतीनं बसवलीत तुम्ही ती. आम्ही कुणाला बोटसुद्धा लावू दिलेलं नाही!’

आत्या, मी तिथल्या बाकावर बसलो आणि पाणी मागितलं. मग एकेक उलगडत गेलं. माझ्या मुलाम्यामुळे हँडल किंचित जाड झालं होतं, त्यामुळे ते पुष्कळदा खाली दाबलंच जाईना आणि दार अडकून बसे. पहिल्याच आठवड्यात एक पेशंट बाई वॉकरसकट दाराच्या आत आणि तिचा नवरा जेवणाच्या डब्यासकट बाहेर, असे बराच वेळ उभे राहिले. सिस्टरांनी दार बांधून टाकलं, आणि विषय संपवला. पुढे तांब्याच्या गुणाने, घामाचे हात लागून हँडल काळवंडू लागलं. पाहुण्यांनी दिलेली वस्तू आपल्याकडे खराब झाली असं दिसू नये, म्हणून हातमोजा. आणि आमची सूचना आली की आदल्या दिवशी हातमोजा काढायचा, हँडल स्पिरिटने लखलखीत पुसायचं, दार सोडून लोटून घ्यायचं, आणि आम्ही येईपर्यंत कुणाला तिथून जाऊ द्यायचं नाही. म्हणजे आम्ही महिनोन् महिने जे मोजत होतो ते सिस्टरांचं आदरातिथ्य होतं. त्यांनी तक्रार का केली नाही असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘तुमचं मन मोडलं असतं हो सर. तुम्ही किती आनंदानं यायचात!’ यात एक शब्द खोटा नव्हता. मी खरंच आनंदाने जात असे, जाताना मोजेही बदलत असे.

मी तसाच साथवाल्यांकडे गेलो. त्यांनी कपाळावर हात मारला आणि तो बराच वेळ काढला नाही. मग शांतपणे म्हणाले की चिघळलेल्या जखमा मात्र खरोखर निम्म्यावर आल्या आहेत, ते आकडे केसपेपरवरचे आहेत, त्यांना कुणी पुसलेलं नाही. म्हणजे वॉर्ड सुधारला आहे, हे खरं. आमच्यामुळे सुधारलेला नाही, हेही खरं. मग कशामुळे? दार उघडं म्हणून हवा खेळते? हँडलाला हातच लागत नाही म्हणून? दारापलीकडचं हात धुण्याचं बेसिन आता सगळ्यांना सतत दिसतं म्हणून? की आम्ही येणार म्हणून सिस्टरांनी सगळाच वॉर्ड पुसून काढायची सवय लावून घेतली म्हणून? साथवाले म्हणाले, माहीत नाही. एवढ्या शिकलेल्या माणसाने ‘माहीत नाही’ हे दोन शब्द इतक्या प्रामाणिकपणे उच्चारलेले मी आमच्या इमारतीत आजवर ऐकले नव्हते. ते शोधायचं तर नवा अभ्यास करावा लागेल, आणि पट्टीच्या पदराने दार बांधण्याच्या अभ्यासाला निधी मागायचा कुठल्या तोंडाने?

विभागप्रमुखांना सांगितलं. ते म्हणाले, निकाल चांगला आहे ना, मग कारणांत कशाला शिरता? मी म्हणालो, सर, आपण कारणांत शिरण्याचाच पगार घेतो. (हे मी मनात म्हणालो. मोठ्याने ‘विचार करतो’ म्हणालो.) घरी आल्यावर विचार केला आणि साथवाल्यांच्या संमतीने शोधनिबंध मागे घेतला. प्राध्यापकपद आमच्याच विभागातल्या, काँक्रीटवर संशोधन करणाऱ्या काँक्रीटवाल्याला मिळालं. तो चांगला माणूस आहे आणि त्याच्या काँक्रीटला कुणी हातमोजा घालत नाही. कोट शिंप्याकडेच आहे. गंमत म्हणजे आमच्या तिघांच्या उपद्व्यापातून एकच निबंध छापून येतो आहे, तो त्या शिक्षणवाल्या बाईंचा. तज्ज्ञ लोक एकमेकांशी इतका वेळ बोलतात की दाराकडे बघायला कुणी उरत नाही, असा त्याचा सारांश. मी त्यात ‘सहभागी अ’ या नावाने आहे. त्या खुणा मुद्दा पटल्याच्या नव्हत्या. मी दुसऱ्याचं बोलणं कुठे कुठे तोडलं त्याच्या होत्या. निबंध उत्तम आहे, मी वाचला. त्यात चूक काढायला जागा नाही, हे लिहिताना दात आवळावे लागत आहेत.

आता सूनबाईच्या रागाचं कारण. ती म्हणते, हे सगळं आत्यांना ऑपरेशननंतर सांगा. खुबा बसला, त्या चालायला लागल्या, की हसत हसत सांगा. आत्ता सांगितलंत तर त्या तारीख रद्द करतील आणि उरलेलं आयुष्य त्या एका खोलीत काढतील, आणि ते पाप तुमच्या खऱ्या बोलण्याच्या माथी. आत्या, ती चुकत नाहीये. दोन दिवस मी गप्प बसूनही पाहिलं. पण तू माझ्या शब्दावर त्या वॉर्डात जायला तयार झालीस, आणि तो शब्द पोकळ निघाला आहे. आतोबा गेले तेव्हा तुला सगळ्यांनी ‘आमचं हॉस्पिटल एकदम स्वच्छ’ असंच सांगितलं होतं. मी त्या रांगेत उभा राहणार नाही.

तेव्हा मला जे ठाऊक आहे ते आणि तेवढंच सांगतो. हँडलं कुचकामी आहेत. वॉर्ड चांगला आहे. का चांगला आहे ते ठाऊक नाही. सर्जनचा हात बरा आहे असं साथवाले म्हणतात, आणि ते कुणाचं कौतुक सहसा करत नाहीत. खिडकीजवळची खाट सिस्टरांनी राखून ठेवली आहे. धोका शून्य आहे असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीही दिलं तर विश्वास ठेवू नकोस. मला भीती वाटते आहे. तुलाही वाटत असेल. पण तू कठड्याला धरून न्हाणीघरापर्यंत जाताना मी मागच्या खेपेला पाहिलं आहे, आणि मला त्याची जास्त भीती वाटते.

बाकी सर्व क्षेम. काकूंना नमस्कार सांग. वॉकर पलंगामागून काढ.

तुझा आज्ञाधारक (आणि पदोन्नती न झालेला) भाचा

ता. क. १: पत्राचं शुद्धलेखन सूनबाईने तपासलं आहे. म्हणजे तिने ते वाचलं आहे. वाचून झाल्यावर तिने वॉर्डात लागतील असे तुझ्यासाठी दोन सुती गाऊन शिवायला घेतले, त्यावरून काय समजायचं ते तू समज.

ता. क. २: वर मी ‘काय रद्द करायचं ते कर’ असं मोठ्या उदारपणे लिहिलं आहे, ते खोडतो. रद्द करू नकोस. माझी एवढीच विनंती आहे; वरचा सगळा मजकूर हे वाक्य लिहायचा धीर येईपर्यंत वेळ काढण्यासाठी होता.

ता. क. ३: या शेवटच्या ओळींचं अक्षर वाईट आहे, कारण या तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहितो आहे. टपालात टाकायला निघालो होतो. मग मनात आलं, हे तू एकटीने वाचशील. म्हणून स्वतःच घेऊन आलो. तेव्हा ‘तुला वाचायला काही आणलंय’ म्हणून मी मघाशी तुझ्या हातात दिलं ते हेच, आणि हे वाचतेस तेव्हा मी तुझ्यासमोर खुर्चीत बसून तुझ्या खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत असेन. बाहेर काही नाही. रजा मोठी काढली आहे. सोमवारी तू वॉर्डात आलीस तर मी तिथे राहणार, नाही आलीस तर इथे राहणार. सूनबाईला तसं सांगूनच निघालो आहे. आता चष्मा काढ आणि हो म्हण किंवा नाही म्हण, हवं तर रागाव, वाटेल ते बोल. फक्त आतोबांना नेलं त्या दिवशी तू भिंतीकडे तोंड करून बसलीस आणि महिनाभर कुणाशी बोलली नाहीस, तसं करू नकोस. तेव्हा मी लहान होतो म्हणून ते सोसलं.